रिकाम्या सीटचा पट्टा

विमान पहिल्यांदा आपटलं तेव्हा मला वाटलं टायर फुटला.

दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. नाक वर गेलं, समोरचा रनवे गायब झाला, काचेत नुसतं आकाश. मी योक पुढे ढकलला. योक म्हणजे विमानाचं स्टीअरिंग. तो ढकलायचा नसतो. विमान उसळलं की पुढे ढकलू नका, पुढचं चाक मोडेल, हे मी रोज पोरांना घसा फाटेपर्यंत सांगतो. आणि मीच ढकलला. मग घाबरून थ्रॉटल पूर्ण आत सारला, इंजिन ओरडलं आणि विमान कसंबसं परत हवेत गेलं.

कानात टॉवरमधून मॅडमचा आवाज. "चार्ली लिमा, ठीक आहे ना?" चार्ली लिमा हे माझ्या विमानाचं रेडिओवरचं नाव.

"गो-अराउंड," एवढंच म्हणालो. म्हणजे आत्ता उतरत नाही, फेरी मारून परत येतो.

सकाळची वेळ. वारा शून्य. रनवेच्या कडेचा वारा दाखवणारा कापडी मोजा खांबाला चिकटून लोंबत होता. अशा हवेत माझा सगळ्यात कच्चा विद्यार्थीही विमान नीट टेकवतो. आणि मी विद्यार्थी नाही. मी निनाद भंगाळे, सातपिंपरीच्या पायलट शाळेतला इन्स्ट्रक्टर. अकराशे तास माझ्या नावावर आहेत. विमान उतरवायला शिकवणं हेच माझं पोट आहे.

परत आलो. परत उसळलो. परत गो-अराउंड.

त्याच्या पुढच्या फेरीत उतरलो. उतरलो कसला, पडलो, आणि काही मोडलं नाही.

हँगरमध्ये आणून इंजिन बंद केलं. आमचे मेंटेनन्स इंजिनियर गायधनी काका चहाचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी सगळं बघितलं असणार, पण चेहऱ्यावर काही नाही.

"काका, सर्व्हिसिंगमध्ये केबल कुणी ताणल्या? योक मेल्यासारखा आहे."

"बघतो."

त्यांनी बघितलं. सगळं उघडून, एकेका केबलचा ताण मापून बघितला. मी बाजूला पिंपावर बसून राहिलो.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "विमान एकदम बरोबर आहे. फक्त पेटी नाहीये त्यात. सकाळी सांगितलं होतं ना? सहहस्तची पेटी काढली, कंपनीकडे तपासायला पाठवायचीय."

"पण पेटीचा माझ्याशी काय संबंध?"

"आता ते मला काय विचारता. मी नटबोल्टवाला माणूस." मग त्यांनी खिशातून एक काळा पडलेला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "हे सांगा त्यापेक्षा. मास्टर स्विचचा रिले. परत जळाला. एवढ्यात तिसरा. पूर्वी एक रिले विमानाच्या आयुष्याला पुरायचा. ही पोरं करतात काय त्या स्विचचं?"

मास्टर स्विच म्हणजे विमानातली सगळी वीज चालू-बंद करणारं बटण, आणि रिले म्हणजे त्याच्या मागचा वीज जोडणारा-तोडणारा भाग. उड्डाणाआधी एकदा चालू, नंतर एकदा बंद. मी तुकडा त्यांना परत दिला. माझं लक्ष नव्हतं.

सहहस्त काय आहे ते इथेच सांगून टाकतो. मी इंजिनियर नाही. बारावीनंतर जे शिकलो ते स्वतःचं स्वतः, घरी प्लंबिंगच्या पाइपचा योक करून कॉम्प्युटरवर विमान उडवत. तेव्हा मला जसं समजलं तसं सांगतो.

शिकाऊ विमानात योकपासून शेपटीपर्यंत स्टीलच्या केबल असतात. तुम्ही योक ओढला की केबल ओढली जाते, शेपटीची पट्टी हलते, नाक वर येतं. मधे कॉम्प्युटर वगैरे काही नाही, विहिरीच्या रहाटासारखं सरळ काम. सहहस्तची पेटी या केबलला धरून बसते. आत छोटी मोटर. शिकणाऱ्याचा हात चुकला की ती केबलला अगदी हलका धक्का देते आणि चूक पोटात घालते.

तो धक्का हाताला कळत नाही. का कळत नाही, तर तुमच्या पिशवीत पाच किलो कांदे आहेत आणि कुणी गुपचूप अजून एक कांदा टाकला, तर हाताला पत्ता लागत नाही. रिकाम्या पिशवीत टाकला तर लगेच लागतो. हाताला वजन कळत नाही, वजनातला फरक कळतो, आणि तोही ठरावीक प्रमाणाच्या वर गेला तरच. पेटी कायम त्या प्रमाणाच्या खाली राहते. सेकंदाला कित्येक वेळा, दरवेळी एक कांदा.

आणि मेंदू आपला भोळा. आपण हात हलवला, हवं ते झालं, की तो श्रेय घेऊन मोकळा. मी केलं.

कंपनीचं म्हणणं, हे गिरवण्यासारखं आहे. पाटीवर अक्षर गिरवताना आई पोराचा हात धरते, मग हळूहळू ढिला करते. विद्यार्थी एकटा उडायला जाईपर्यंत, म्हणजे त्याच्या सोलोपर्यंत, पेटी शून्यावर आलेली असते. नंतर ती नुसती बसून असते. कुणी चुकून बंद करू नये म्हणून तिला वेगळं बटण ठेवलेलं नाही, विमानात वीज आहे तोवर ती जागी. हे सगळं मी स्वतः पोरांच्या आईबापांना समजावून सांगितलंय.

आणि पेटी आली दोन वर्षांपूर्वी. मी तेव्हा इन्स्ट्रक्टर झालो होतो. म्हणून म्हटलं, माझा काय संबंध.

"वर ये," हँगरमधल्या रेडिओवर मॅडम म्हणाल्या.

कॅप्टन वैजयंती खर्डेकर. शाळेच्या मुख्य इन्स्ट्रक्टर. मला उडवायला त्यांनी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि डॉक्टरांनी त्यांचं उडणं बंद केलं. तेव्हापासून त्या टॉवरमध्ये बसतात, रेडिओ सांभाळतात. कुणाशी फार बोलत नाहीत. माझ्या सोलोच्या दिवशी विमानातून उतरताना त्यांनी उजव्या सीटचा पट्टा बांधला होता. रिकाम्या सीटचा पट्टा बांधावाच लागतो, नाहीतर तो लोंबून कंट्रोलमध्ये अडकतो. काम दोन मिनिटांचंही नाही. पण शिकणाऱ्याला आपल्या इन्स्ट्रक्टरचं शेवटचं दिसतं ते एवढंच. कुणीतरी वाकून रिकाम्या सीटचा पट्टा बांधतंय, मग दार लागतं, मग तुम्ही आणि विमान. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तो बांधलाय, आणि दरवेळी जरा जास्तच वेळ लावलाय.

"बस. चहा घे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्या विमानात काहीतरी आहे."

"काहीतरी नाहीये त्यात. म्हणून असं झालं."

मी चहा घेतला नाही.

"पेटी दोन वर्षांपूर्वी जाहीर केली, निनाद. चाचणी आठ वर्षं चालू आहे. तेव्हा तिच्यावर 'कंपनमापक' असं लिहिलेलं असायचं. तुला आठवत असेल. करड्या रंगाचा डबा, सीटच्या मागे."

आठवत होता. मी त्या डब्यावर पाण्याची बाटली ठेवायचो.

"माझ्या सोलोला होती?"

"होती."

"लायसन्सच्या परीक्षेला?"

"सगळ्या विमानांत होती."

"पण ती शून्यावर येते ना? मी सांगतो सगळ्यांना. तुम्हीच सांगायला सांगितलं."

"यायला हवी होती." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती हात ढिला करून बघते. ढिला केला की चूक वाढते, म्हणून परत धरते. तुझा हात तिच्या आधारानेच घडला ना. तिला वाटतं तुला गरज आहे. तुला वाटतं तू एकटाच आहेस. दोघं एकमेकांना टेकून उभे. कंपनीने मला गेल्या वर्षी कळवलं."

"गेल्या वर्षी."

"हो."

"आणि तुम्ही मला..."

"आठ वर्षांत मला एकही पोर शेतातून उचलून आणावं लागलं नाही. त्याआधी आणलंय. तुला माहीत नाही ते काय असतं, आणि माहीत होऊ नये असं मला वाटलं. चूक असेल. पण मला तसंच वाटलं."

मी माझे हात बघत होतो. टेबलावर पडलेले, दुसऱ्या कुणाचेतरी असावेत तसे.

"अजून एक आहे," मॅडम म्हणाल्या. "यंत्राला कुणाचा तरी हात शिकवावा लागतो. मी वर्षभर सेन्सरचे हातमोजे घालून उडवत होते. तो हात त्यांनी पेटीत भरला. तू रोज उतरवतोस ना, ते मी उतरवते."

हे त्या मिरवत नव्हत्या. उलट मान खाली होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं मी ज्याला माझा हात समजत होतो, मित्रांत फुशारक्या मारत होतो, ज्याच्या जोरावर पोरांवर ओरडत होतो, तो हात या समोर बसलेल्या बाईंचा. त्यांनी पट्टा बांधला, दार लावलं, आणि विमानातून उतरल्याच नाहीत.

मग एकदम डोक्यात आलं.

"सायरा कुठे पोचली?"

सायरा तडवी माझी विद्यार्थिनी. यावलकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. कमी बोलते. महिन्याभरापूर्वी तिचा सोलो झाला, मीच पट्टा बांधला. आज ती पहिल्यांदाच लांब गेली होती, दुसऱ्या जिल्ह्यातल्या रनवेवर उतरून परत यायचं, एकटीने. तिचं एक मला कोडं होतं. मी शेजारी असलो की विमान लोण्यासारखं टेकवायची. एकटी असली की दगड टाकल्यासारखं. कालच झापलं होतं मी तिला. म्हटलं, "मी खाली उतरलो की अक्कलही माझ्याबरोबर उतरते का तुझी?" ती बुटांकडे बघत "सॉरी सर" म्हणाली, बस.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "तिकडून निघाल्याचा फोन आलाय. तापी ओलांडताना तिचा कॉल यायला हवा होता." त्यांनी माइक उचलला. "रोमिओ किलो, सातपिंपरी."

नुसती खरखर.

"रोमिओ किलो, रोमिओ किलो, सातपिंपरी. ऐकू येतंय का?"

खरखर. स्क्रीनवर तिच्या विमानाचा ठिपका होता, तोही नदीशी येऊन विझलेला.

"वीज गेलीय तिची," मॅडम म्हणाल्या. "रेडिओ आणि ठिपका एकदम गेला म्हणजे वीजच. इंजिन चालू राहतं, त्याला बॅटरी लागत नाही. घाबरायचं कारण नाही, हे आपण शिकवतो पोरांना. येईल सरळ, रनवेभोवती फेरी मारेल, आपण दिवा दाखवू, उतरेल." आणि मग त्या थांबल्या.

"वीज गेली म्हणजे पेटीही गेली," मी म्हणालो.

मॅडमचा चेहरा असा झालेला मी कधी बघितला नव्हता.

दुपार झाली होती आणि वारा सुटला होता. सकाळचा तो मलूल कापडी मोजा आता आडवा फडफडत होता, रनवेला तिरका. सकाळी वारा नसताना, वीज असताना, कानात मॅडमचा आवाज असताना मला जे जमलं नव्हतं, ते या पोरीला आता या वाऱ्यात करायचं होतं. आणि तिला ठाऊकही नव्हतं की ती हे पहिल्यांदा करतेय. मला ठाऊक होतं. पण तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. एक दिवा होता.

त्या दिव्याला आम्ही बंदूकच म्हणतो. मोठ्या टॉर्चसारखा, मुठीत धरून विमानावर रोखायचा. हिरवा म्हणजे उतर. लाल म्हणजे उतरू नको, फिरत राहा. लाल लुकलुकला म्हणजे इथे उतरूच नको, दुसरीकडे जा. एवढीच भाषा.

गायधनी काकांनी अग्निशमनाची जीप काढून रनवेच्या कडेला लावली. त्यांना कारण सांगावं लागलं नाही.

"मी वर जातो," मी म्हणालो. "चार्ली लिमा घेऊन. तिच्या पुढे राहतो, ती माझ्या मागे..."

"चार्ली लिमात पेटी नाही," मॅडम म्हणाल्या.

आयुष्यात इतकं निकामी मला कधी वाटलं नाही.

ती आली. आधी सातपुड्याच्या बाजूला पांढरा ठिपका, मग पंख दिसले. उंची बरोबर, जागा बरोबर. रनवेला समांतर जाऊ लागली. दिवा माझ्या हातात होता.

"हिरवा दे," मॅडम म्हणाल्या.

"नाही. तिला मोठ्या विमानतळावर पाठवू. रनवे लांब आहे, अँब्युलन्स आहे."

"रेडिओ नाही तिच्याकडे. तिथे मोठी विमानं उतरतायत. रनवे तिच्या ओळखीचा नाही. निनाद, तिला तू शिकवलंयस."

"मी नाही शिकवलं, मॅडम. तुम्हीच सांगितलंत आत्ता. मी तिच्या शेजारी बसून वाटच बघत होतो, तुम्ही कधी उतरवता त्याची."



सायरा वळली. शेवटचं सरळ अंतर, समोर रनवे. मी लाल दिला.

तिने लगेच पंख हलवले, डावा, उजवा. समजलं, असा त्याचा अर्थ. इंजिनाचा आवाज चढला आणि ती उतरायची थांबून रनवेच्या वरून, आमच्या समोरून सरळ निघाली. मी तिच्याकडे बघत होतो. नुसतं पोरगी म्हणून नाही, इन्स्ट्रक्टर म्हणून, आणि तेही बहुधा पहिल्यांदाच.

आमच्या रनवेच्या तोंडाशी केळीची बाग आहे. तिच्या अलीकडे नांगरलेली काळी जमीन. दुपारी काळी माती तापते, तिच्यावरची हवा विमानाला वर उचलते. केळी गार, ओली. तिथे आलं की विमान खड्ड्यात गेल्यासारखं खचतं. माझे सगळे विद्यार्थी खचल्यावर दचकून थ्रॉटल देतात. मीही तेच करतो. पेटी थ्रॉटलला हात लावत नाही, ती फक्त खचल्यानंतरचं नाक सावरते.

आत्ता येताना सायराच्या इंजिनाचा आवाज केळीच्या आधी वाढला होता. लाल बघून वाढला तो नंतरचा. त्याआधी एकदा, थोडासा, काळी जमीन संपायच्या जरा आधी. आणि विमान खचलं नव्हतं. आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली होता, हळूच वाऱ्यावर टेकवल्यासारखा, कुणी सुधारलेला नाही, आधीपासून तसा ठेवलेला.

चूक झाल्यावर सावरणं पेटीत आहे. चूक व्हायच्या आधी हात हलवणं कुठल्या पेटीत नाही.

मी मॅडमकडे बघितलं. त्या उठून काचेशी गेल्या होत्या, चांगला डोळा विमानावर.

"ही कुठे शिकली हे?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही शिकवलं?"

"मी नाही."

ती फेरी मारून परत शेवटच्या सरळीवर आली. मी बंदूक रोखली. हिरवा दिला.

पंख हलले. काळी जमीन. इंजिन किंचित चढलं. केळी. विमान हललं, खचलं नाही. नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून ती खाली येत राहिली, रनवेवर आल्यावर शेवटच्या क्षणाला सरळ केलं. आधी एक चाक. मग दुसरं. एक बारीक उसळी. मी टॉवरमध्ये उभा राहून हवेत मूठ पुढे ढकलली, खरंच ढकलली. तिने योक नाही ढकलला. ती थांबली. विमान स्वतःहून खाली बसलं.

मला वाटतं मी जिन्यावरून धावलो. जिना आठवत नाही.

सायरा विमानाशेजारी उभी राहून हेडफोनची वायर गुंडाळत होती. घामाने कपाळाला केस चिकटलेले.

"सर, लाल का दिला? काही चुकलं का माझं?"

"नाही. सायरा, ऐक. तुला एक सांगायचंय, घाबरू नकोस. ही सहहस्तची पेटी शून्यावर येत नाही. तुम्ही एकटे उडता तेव्हाही तीच धरून असते. आज वीज गेली म्हणून ती बंद होती. आज तू..."

ती माझ्याकडे बघत होती. आश्चर्य नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. काळजी होती. माझी.

"सर, ते आम्हाला माहितीये."

"काय?"

"पेटीचं. अख्ख्या होस्टेलला माहितीये. एकदा एका मुलाचा मास्टर चुकून बंद झाला, लँडिंगच्या आधीच. तो म्हणाला, योक एकदम जिवंत झाला. मग सगळ्यांनी करून बघितलं. शेवटच्या सरळीवर आलं की रेडिओवर 'फायनल' म्हणायचं, उतरायची परवानगी घ्यायची, मग मास्टर बंद. टेकलं की परत चालू. मिनिटभराचं काम, रेडिओ बंद होता हे टॉवरला कळत नाही, आणि एवढ्या खाली आलं की स्क्रीनवरचा ठिपका तसाही जातो." मग जरा घुटमळत म्हणाली, "आज तिकडे उतरताना पण बंद केला. निघताना चालू केला, तर नदीपर्यंत आले आणि गेला तो गेलाच."

जळालेले रिले. गायधनी काकांच्या खिशातला तो काळा तुकडा. एवढं चालू-बंद केल्यावर तो जळणारच.

"म्हणून एकटी असताना तुझं लँडिंग..."

"तेच माझं लँडिंग होतं सर. तुमच्याबरोबरचं नव्हतं."

मी विमानाला टेकलो. काल मी तिला काय म्हणालो होतो ते तिलाही आठवत असणार.

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"आम्हाला वाटलं तुम्हाला माहितीये." ती खरंच गोंधळली होती. "आम्ही म्हणायचो, सर मुद्दाम ओरडतात, पेटीतून कंपनी ऐकत असेल म्हणून. म्हणजे, तुम्ही सर आहात ना. तुम्ही तर बिनपेटीचं कित्येकदा..." आणि माझं तोंड बघून तिचं वाक्य तिथेच राहिलं.

रनवेवरून वारा येत होता. लांब जीप परत वळत होती.

"तुमच्या आधीच्या बॅचला माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही वाटत सर. हे आमच्यापासूनच."

तिला जे समजलं नव्हतं ते मला समजलं. माझे आधीचे विद्यार्थी. मॅडमचे आठ वर्षांचे विद्यार्थी. सगळे लायसन्सवाले, गणवेशवाले. त्यातले कितीतरी या क्षणी वर असतील, मागे माणसं बसलेली. मोठ्या विमानात कॉम्प्युटर असतो, तो सांभाळतो. जोवर सांभाळतो तोवर.

टॉवरमध्ये परत गेलो तेव्हा मॅडम फोनवर होत्या. मी सायराचं सगळं सांगितलं. ऐकताना त्या एकदा हसल्या, आवाज न करता, आणि तेच हसू ओठावर राहून गेलं.

"पोरांनी स्वतःच हात सोडवून घेतला," म्हणाल्या. "मला सोडायचं धाडस नाही झालं."

सगळ्या विमानांच्या पेट्या काढायला त्यांनी गायधनी काकांना आधीच सांगितलं होतं. कंपनीला कळवलं होतं, वरच्या खात्याला कळवलं होतं, त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल म्हणाल्या, शाळा बंद झाली तर होऊ दे. आता त्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत होत्या, एकेकाला, सगळ्यात जुन्यापासून. मी उभा असताना एक लावला. रिंग पूर्ण वाजली. कुणी उचलला नाही.

"उडत असेल," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचा लावला.

मी म्हणालो, "मॅडम, चार्ली लिमा घेऊ का?"

त्यांनी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मग हो म्हणून मान हलवली.

उन्हं उतरली तसा वारा पडला. चार्ली लिमा हँगरबाहेर उभं होतं. मी डाव्या सीटवर बसलो, विद्यार्थी बसतो त्या. उजव्या दारातून सायरा आत वाकली. तिला मी बोलावलं नव्हतं.

"सर, योक घट्ट धरू नका. दोन बोटं आणि अंगठा. घट्ट धरला की काही कळत नाही त्याचं."

"हो."

"आणि केळीच्या आधी. खचल्यावर नाही."

"हो, सायरा."

"उसळलं तर..."

"ढकलायचं नाही."

"ढकलायचं नाही. थांबायचं." तिने उजव्या सीटचा पट्टा ओढला, अडकवला, ताणून बघितला, सैल टोक सीटखाली खोचलं. जरा जास्तच वेळ लावला तिने. मग दार लावलं, बाहेरून दोनदा थाप मारली आणि मागे सरकली.

रनवे संपायच्या बराच आधी विमान उचललं गेलं. योक वेगळाच होता. सकाळी मला तो मेलेला वाटला होता. मेलेला नव्हता. तो काहीतरी सांगत होता आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, एवढंच. दोन बोटं आणि अंगठा. हवेचा प्रत्येक खडा हाताला लागत होता. एक फेरी मारेपर्यंत माझा शर्ट भिजला.

शेवटची सरळी. टॉवरच्या काचेत कुणीतरी उभं होतं. रेडिओ चालू होता, पण मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत.

काळी जमीन. थ्रॉटल किंचित आत. केळी.

चाकं लागली, सुटली, नाक वर आलं. आकाश. माझ्या हाताला पुढे जायचं होतं. सगळं अंग म्हणत होतं ढकल. मी थांबलो. कुणी सावरायला येतं का बघत, थांबलो. कुणी आलं नाही. विमान हवेत लटकलं, कलायला लागलं, मी त्याला दोन बोटांनी सरळ धरून राहिलो आणि ते धप्पकन, बऱ्यापैकी वाईट, पण खाली बसलं. बसलं ते बसलं.

धावतं विमान हळू होत गेलं. मी उजवीकडे बघितलं.

पट्टा नीट बांधलेला होता. सीट रिकामी होती.